केस-स्पर्धेची तयारी आणि पन्नास घरांचे दूध

आमचा विषय इतिहास. तेव्हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या व्यावसायिक स्पर्धेशी आमचा संबंध काय, असा प्रश्न स्मरणिकेच्या वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आमच्या सहकाऱ्यांनाही तो पडला होता. परंतु आपल्याच शाळेतून दहावी होऊन गेलेल्या, आज एकाच महाविद्यालयात यंत्र, विद्युत, स्थापत्य आणि संगणक या शाखांत शिकणाऱ्या चौघांनी, म्हणजे दोन मुली आणि दोन मुलांनी, दिवाळीच्या सुटीत तयारीसाठी शाळेचे ग्रंथालय मागितले आणि 'सर, तुम्हीही बसा' असा आग्रह धरला. आम्ही बसलो. त्या पाच दिवसांत जे पाहिले ते येथे नोंदवीत आहोत.

या स्पर्धेत एखाद्या उद्योगाची अडचण सांगणारी पंधरा-वीस पाने संघाच्या हाती देतात. तिला केस म्हणतात. तीन तास मिळतात, मोबाइल जवळ ठेवता येत नाही. त्या अवधीत अडचण नेमकी कोणती हे ठरवावयाचे, उपाय तोलावयाचे, एक निवडावयाचा आणि पंचांपुढे वीस मिनिटांत मांडावयाचा. पुढची दहा मिनिटे प्रश्नांची. अभियांत्रिकीवर भर असल्यामुळे यंत्राची क्षमता, वीज आणि जमाखर्च ही तिन्ही गणिते एकमेकांशी जुळावी लागतात. एक चुकले की तिन्ही कोसळतात.

शहरातील अनेक स्पर्धकांच्या घरी घसारा, परतावा हे शब्द जेवताना कानांवर पडत असतात. आपल्या मुलांच्या घरी हजेरी, उचल आणि व्याज हे शब्द पडतात. (खरे पाहता तेही व्यवसायाचेच शब्द, पण ते इंग्रजीत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.) त्यामुळे पहिल्या दिवशी चौघेही दबलेले होते. या पद्धतीची जन्मकथा आम्ही त्यांना सांगितली. हार्वर्डची व्यवसाय-शिक्षण शाळा 1908 साली निघाली आणि तेथे ही रीत आली ती कायद्याच्या शिक्षणातून. आपल्याकडे 1961 साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेने ती उचलली. म्हणजे मुळात ही निकालपत्रे वाचण्याची रीत. कागद वाचताना तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात कोणाची नोंद नाही, हे विचारण्याचे शिक्षण इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनचिकित्सेत मिळतेच. एवढ्या भांडवलावर आम्ही त्या मेजाशी बसण्याचे धाडस केले.

सुरुवातीला आणंदची हकीकत घेतली. खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा संघ 1946 साली नोंदला गेला. वर्गीस कुरियन 1949 साली तेथे आले. तेही मूळचे अभियंतेच. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देत आणि तेवढे खपत नसे. जादा दुधाची भुकटी करावी, तर म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे परदेशी तज्ज्ञांचे मत. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखविली आणि 1955 साली कारखाना उभा राहिला. 'हा प्रश्न यंत्राचा की हिशेबाचा?' एवढेच आम्ही विचारले. रात्री एक वाजेपर्यंत वाद चालला. वसतिगृहाच्या पहारेकऱ्याने दिवे मालविण्याची ताकीद दिली तेव्हा कोठे मंडळी उठली.

दुसऱ्या दिवशी सरावासाठी चौघांनी स्वतःच एक केस रचली. आकडे मानलेले, परंतु प्रश्न ओळखीचा: एका गावात 1000 लिटरचा बल्क कूलर बसविला आहे, दूध मात्र रोज 600 लिटरच येते, केंद्र तोट्यात आहे, काय करावे? यंत्र शाखेच्या मुलाने फळ्यावर गणित मांडले. 1000 लिटर दूध 35 अंशांवरून 4 अंशांवर आणावयाचे तर सुमारे 35 युनिट उष्णता काढावी लागते. यंत्र एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकते असे धरले, तर वीज लागते 12 युनिटांच्या आसपास. युनिटला दहा रुपये धरले तरी लिटरमागे 12 पैसे. विजेचा खर्च वाचविण्यासाठी छपरावर सौर पट्ट्या बसवाव्यात यावर मंडळींनी आधीच अर्धा दिवस घालविला होता. ते 12 पैसे फळ्यावर आले आणि सौर पट्ट्यांची फाइल गुपचूप मिटली गेली.

मग दुसरा हिशेब निघाला. हप्ता, देखभाल आणि चालकाचा पगार मिळून रोजचा ठरलेला खर्च 1200 रुपये. कूलर पूर्ण भरला तर लिटरमागे 1 रुपया 20 पैसे. 600 लिटरला 2 रुपये. म्हणजे रिकाम्या जागेचा भुर्दंड 80 पैसे, विजेच्या सहापटीहून अधिक. मुलांनी दोन उपाय काढले: लहान यंत्र घ्यावे, किंवा शेजारच्या गावाहून टेम्पोने दूध आणावे.

विद्युत शाखेची मुलगी तोवर गप्प होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "सर, आमच्या आईचं दूध कधीच केंद्रावर गेलं नाही. नाही कुणी म्हणत नाहीत. पण वस्तीवरून नाला ओलांडून बाया पोचेपर्यंत 'कॅन भरला' म्हणतात. रोजच भरलेला असतो. मग आई चहाच्या टपरीवाल्याला देते, तो देईल त्या भावात."

काही वेळ कोणी बोलले नाही. नंतर वाद पेटला. एक मुलगा ठामपणे म्हणाला की हे पंचांपुढे आणावयाचे नाही, लोक सहानुभूतीने बघतात आणि त्याला ती नको आहे. दुसरीचे म्हणणे, जे खरे आहे ते लपवून उपाय सांगणे हा खोटा हिशेब होय. दोघांचेही म्हणणे आम्हांला पटत होते. आम्ही एवढेच सुचविले की ते वाक्य आकड्यांत बसते का, ते आधी पाहू.

याच संदर्भात आम्ही त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 1918 सालचा लहान शेतजमिनींवरील निबंध वाचावयास दिला. अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेबांकडे आपल्या सभासंमेलनांतून फारच कमी लक्ष जाते, ही आमची जुनी तक्रार आहे. शेताचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्याला जोडलेले श्रम आणि भांडवल यांच्याशी त्याचे प्रमाण पाहावे लागते, असा त्या निबंधाचा गाभा आहे. निबंध मिटून स्थापत्य शाखेची मुलगी म्हणाली, "म्हणजे कूलर मोठा नाहीच, सर. दूध कमी मोजलंय."

आता हिशेब असा झाला. वस्तीवरील पन्नास घरे, घरटी 3 लिटर, म्हणजे 150 लिटर. नाल्याअलीकडे संकलनाची वेळ आणि जागा वेगळी ठेवावयाची, कॅन वाहून आणण्यास आणि वस्तीतीलच एका बाईच्या मानधनास रोज 150 रुपये. एकूण 1350 रुपये, 750 लिटर. लिटरमागे 1 रुपया 80 पैसे. वाचले 20 पैसे. विजेचा सगळा खर्च 12 पैसे, आणि वस्ती मोजल्याने वाचतात 20! पंच विचारणार, सगळी घरे आली नाहीत तर? निम्म्या घरांनी दूध घातले तरी 675 लिटर होतात आणि खर्च पुन्हा बरोबर 2 रुपयांवर येतो. आजच्यापेक्षा तोटा नाही. सहानुभूती नको म्हणणाऱ्या मुलानेच ही शेवटची ओळ फळ्यावर लिहिली, आणि हा भाग आपणच मांडणार असे जाहीर केले. आपल्या अनुभवाला मागणी म्हणून नव्हे, तर पुरावा म्हणून उभे राहता येते, हे त्याच्या ध्यानी आलेले आम्ही पाहिले.

उरलेले दोन दिवस बोलण्याच्या सरावात गेले. इंग्रजीचा बाऊ फार. आम्ही त्यांना प्रत्येक मुद्दा आधी मराठीत, दोन वाक्यांत सांगावयास लावले. जे मराठीत सांगता येईना ते मुळातच कळलेले नव्हते असे बहुतेक वेळा निघाले.

प्रत्यक्ष स्पर्धेत केस आली ती कापड कारखान्याच्या सांडपाण्याची. संघ दुसऱ्या फेरीपर्यंत गेला. नाल्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींचा खर्च हिशेबात धरणारा त्या दिवशीचा हा एकच संघ होता, असे मुलांनी परतल्यावर सांगितले. दुसऱ्या फेरीत मात्र एका पंचांनी विचारले की नफा तिसऱ्या वर्षी येईल हे ठीक, पहिले सहा महिने पगार कोठून द्याल? चौघांजवळ उत्तर नव्हते. खेळत्या भांडवलाचा धडा आमच्या पाच दिवसांत आलाच नव्हता, आणि तो इतिहासाच्या शिक्षकाने शिकवावा असाही नाही.

या वर्षी दुसरा संघ तयार होत आहे. त्यात आपलेच सहा माजी विद्यार्थी आहेत. आपल्यापैकी जे बँकेत, लेखा विभागात किंवा स्वतःच्या उद्योगात आहेत त्यांनी दिवाळीनंतरचे दोन रविवार द्यावेत. फळा, ग्रंथालय आणि मागील संघाचे कागद तयार आहेत. जेवणाची सोय वसतिगृहातच होईल.