पहिलं पुस्तक हातांनी वाचावं

वेबसाइट करायला शिकायचंय, तर पुस्तक घ्यावं की व्हिडिओ बघावेत, असं माझ्याकडे शिकायला येणारी मुलं नेहमी विचारतात. मी पुस्तक सांगतो. त्यावर लगेच पुढचा प्रश्न येतो: या विषयातली पुस्तकं तर छापून होईपर्यंत जुनी होतात ना?

होतात. जॉन डकेट यांचं 'एचटीएमएल अँड सीएसएस' 2011 सालचं. मोकळी, रंगीत पानं, एका वेळी एकच कल्पना आणि तिच्या शेजारी तेवढाच कोड. कोड म्हटलं की दचकणाऱ्यांची भीड या पुस्तकाने मोडली. पण पानाची मांडणी करायला ते फ्लोट शिकवतं. आज त्या कामाला आम्ही फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड वापरतो, आणि ग्रिड मोठ्या ब्राउझरांमध्ये पोचलं ते 2017 मध्ये. जावास्क्रिप्टचंही तेच. 2015 पूर्वीचं पुस्तक उघडलं तर व्हेरिएबल जाहीर करायला सगळीकडे 'व्हार' दिसतं, 'लेट' आणि 'कॉन्स्ट' सहसा नसतातच.

तरीही माझं उत्तर बदलत नाही, कारण जुनं होतं ते वरवरचं. ब्राउझर मागतो आणि सर्व्हर देतो, हे पहिल्या वेबसाइटपासून, म्हणजे 1991 पासून तसंच आहे. पानावरचा प्रत्येक घटक एक चौकट असतो. आत मजकूर, मग पॅडिंग, मग बॉर्डर, बाहेर मार्जिन, ही रचना 1996 च्या पहिल्या सीएसएसमध्येच ठरली. रुंदी 300 पिक्सेल दिली, दोन्ही बाजूंना 20 चं पॅडिंग आणि 5 ची बॉर्डर दिली, तर चौकट 350 ची होते आणि जागा पुरली नाही तर शेजारची चौकट खाली ढकलली जाते. हा हिशोब एकदा कागदावर मांडलेला माणूस पुढे कुठलंही नवं तंत्र आलं तरी गांगरत नाही.

चांगल्या लेखकाचं खरं कसब मात्र आणखी वेगळं आहे. काय आत्ता सांगायचं नाही, हे त्याला कळतं. इंटरनेटवर सगळंच आहे, पण ते एकदम अंगावर येतं. नवखा माणूस बटणाचा रंग बदलायला जातो आणि अर्ध्या तासात कुठल्या तरी फ्रेमवर्कच्या वादात अडकतो. एमडीएन हा वेब तंत्रांचा ऑनलाइन संदर्भ मी रोज उघडतो. पण तो शब्दकोशासारखा आहे. काय शोधायचं हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच कामाचा. पुस्तकाला पहिलं प्रकरण असतं, दुसरं असतं आणि शेवटचं पानही असतं. शिकणाऱ्याला हा क्रम आयता मिळतो, आणि सुरुवातीच्या दिवसांत क्रमाइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

पण हे सगळं पुस्तक नुसतं वाचून पदरात पडत नाही. उदाहरण स्वतः टाइप करावं लागतं. एका विद्यार्थिनीने पुस्तकातला छोटा फॉर्म टाइप केला. दोन रकाने, नाव आणि ईमेल, खाली एक बटण. बटण दाबलं तर पत्त्याच्या पट्टीत प्रश्नचिन्हापुढे फक्त ईमेल आला. नाव गायब. तिने पुस्तकावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. पहिल्या रकान्याला तिने 'आयडी' दिला होता, 'नेम' द्यायचा राहिला होता. 'नेम' नसलेल्या रकान्यातली माहिती ब्राउझर पाठवतच नाही. आयडी पानाच्या आतल्या कामासाठी आणि नेम बाहेर धाडायच्या माहितीसाठी, हा फरक तिला आता कुणी समजावून सांगायची गरज नाही. तयार कोड उचलून चिकटवला असता तर फॉर्म चालला असता, आणि हा फरक तिच्या गावीही नसता. आज एआयला सांगितलं की अख्खं पान मिनिटभरात मिळतं. म्हणून तर हा सराव जास्तच हवा. मिळालेला कोड बरोबर आहे की नाही, हे पाहायला आधी तो वाचता यायला हवा.

मराठी माणसाने या पुस्तकांत आणखी एक गोष्ट करावी: उदाहरणांतली इंग्रजी वाक्यं काढून आपली घालावीत. पानाच्या डोक्यावर यूटीएफ-8 सांगणारी ओळ नसली तरी इंग्रजी मजकूर निभावून जातो. मराठीचा मात्र चिखल होण्याची शक्यता असते. तसंच लांबीचं. 'कॅट' या इंग्रजी शब्दाची लांबी तीन आहे, असं पुस्तकात छापलेलं असतं. तिथे 'मराठी' घालून पाहा. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, जावास्क्रिप्ट पाच सांगतं, कारण ते काना आणि वेलांटी वेगळी मोजतं. यूटीएफ-8 मध्ये साठवताना त्याच शब्दाला पंधरा बाइट लागतात. पुस्तकाने हे सांगितलेलं नसतं, पण पुस्तकातल्या त्या एका ओळीमुळेच आपल्याला तो प्रश्न पडतो. पुढे कुणी 'नाव जास्तीत जास्त वीस अक्षरांचं' अशी अट घातली, की आपण थांबून विचारतो: अक्षरं म्हणजे नेमकं काय मोजायचं?

पुस्तक निवडताना आधी आवृत्तीचं साल पाहावं, मग फॉर्मवर स्वतंत्र प्रकरण आहे का आणि प्रकरणाअखेर स्वाध्याय आहेत का, ते पाहावं. मारेन हावरबेके यांचं 'इलोक्वंट जावास्क्रिप्ट' स्वाध्यायांमुळेच मला फार आवडतं. त्याची चौथी आवृत्ती 2024 ची आहे आणि इंटरनेटवर ते फुकट वाचता येतं. मात्र त्याचा चढ लवकर सुरू होतो, म्हणून अगदी नवख्याने ते दुसरं पुस्तक म्हणून घ्यावं.

आणि एकाच वेळी तीन पुस्तकं उघडू नयेत. एकच घ्यावं, शेवटच्या पानापर्यंत न्यावं, आणि मग पुस्तक मिटून आपल्या गावच्या वाचनालयासाठी किंवा आईच्या पापडांच्या व्यवसायासाठी एक साधं पान स्वतः लिहायला घ्यावं. कुठे अडतंय ते तिथे कळतं, आणि काय शोधायचं तेही तेव्हा नीट विचारता येतं. असं विचारता येण्याइतका पाया बांधला, की पहिल्या पुस्तकाची किंमत वसूल झाली.