चवडा रुंद, बूट अरुंद

पळायचे बूट घ्यायला मी संध्याकाळीच जाते. दिवसभराच्या उभ्याने पाय थोडे फुगलेले असतात आणि पळतानाही ते फुगतातच. सकाळी अगदी मापात बसलेला बूट लांब पल्ल्याला करंगळीपाशी चावू लागतो. सोबत पळताना घालते तेच मोजे नेते आणि जुने बूटही. दुकानदाराने माझ्या पायाविषयी काही सांगण्याआधी त्या बुटांनी बरंच सांगितलेलं असतं.

माझे तळवे सपाट. न्हाणीतून बाहेर आले की फरशीवर अख्ख्या पावलाचा ठसा उमटतो, मधल्या कमानीची रिकामी जागा जवळपास नाहीच. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात मला ट्रेडमिलवर पळवलं आणि मागून पायांचं चित्रीकरण केलं. पडद्यावर घोटे आत कललेले दिसत होते. लगेच निदान झालं: ओव्हरप्रोनेशन, म्हणजे पाऊल जास्तच आत वळणं. उपाय म्हणजे आतल्या बाजूला कडक फोम असलेला ‘सपोर्ट’चा बूट. किंमत अर्थातच चढी. पायात घातला तर कमानीखाली गोटी ठेवल्यासारखं टोचत होतं. “सवय होईल, मॅडम,” विक्रेता म्हणाला. कोल्हापुरी चपलेची सवय होते, कारण चामडं पायाबरोबर रुळतं. पळायच्या बुटाकडून ती अपेक्षा मी ठेवत नाही. दुकानातच टोचतोय तो घाटात टोचणारच. मी तो घेतला नाही.

पाऊल टेकल्यावर थोडं आत वळतं ते धक्का जिरवण्यासाठी; तो काही आजार नव्हे. तळव्यानुसार बूट दिल्याने दुखापती टळतात का, हे बघायला अमेरिकी सैन्यदलांत नव्या भरतीच्या जवानांवर मोठे प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष 2009-10 च्या सुमारास आले. काहींना तळव्याची ठेवण बघून बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी तर 2015 मध्ये सरळ मांडलं की पायाला सुखाचा वाटेल तो बूट घ्यावा. पण दुसरी बाजूही आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लक्झेंबर्गच्या एका अभ्यासात पाय आत पडणाऱ्यांना आधाराच्या बुटांचा फायदा दिसला होता. त्यामुळे तसले बूट निरुपयोगी, असं मी म्हणणार नाही. टोचणारा आधार मात्र नको.

माझी खरी अडचण कमानीची नव्हतीच, चवड्याची होती. बायकांच्या बुटांची नेहमीची रुंदी पुरुषांच्या बुटांपेक्षा कमी असते; अमेरिकी मापात त्यांची ‘बी’, तर पुरुषांची ‘डी’. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली, तेव्हा आपली पावलं युरोपीय-अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. म्हणजे आपल्याकडच्या बाईने परदेशी मापाचा बायकांचा बूट घालायचा तर दोन्हीकडून चिमटा. रुंदी मिळावी म्हणून लांबी वाढवावी, तर टाच मागे निसटते. शेवटी मी पुरुषांच्या कप्प्यातला निळा जोड उचलला. विक्रेत्याने “हे जेंट्सचे आहेत” असं दोनदा बजावलं. पायाला काय त्याचं!

लांबी तपासायला उभं राहायचं आणि सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा उरते का ते बघायचं. ही जागा कशाला, ते साताऱ्याच्या यवतेश्वर घाटाने मला नीट समजावलं. चढताना बूट कसाही चालतो. उतरताना पाऊल बुटात पुढे सरकतं, नख पुढच्या कापडावर आपटत राहतं आणि आठवड्याभरात अंगठा काळानिळा. त्यावर आणखी एक उपाय नाडीचा. सगळ्यात वरचं, घोट्याजवळचं भोक बहुतेक जण रिकामंच सोडतात. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातून ओढून घ्यायची आणि मग गाठ मारायची. टाच जागची हलत नाही आणि बोटांना मोकळीक राहते.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरकही विचारून घ्यावा. दहा-बारा मिलिमीटरवरून एकदम चारवर उतरलं की सगळा ताण पोटऱ्यांवर येतो. बदल करायचाच तर जुना जोड टाकू नये, दोन्ही आलटून-पालटून वापरावेत. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर खालचं रबर धड दिसलं तरी मधला फोम मेलेला असतो. असा जोड भाजी आणायला ठेवावा.

दुकानदारांना एवढंच सांगणं आहे: ट्रेडमिल आणि कॅमेऱ्यावर खर्च करताच आहात, तर बायकांच्या मापात रुंद बूटही चार जोड ठेवा.