झाकली मूठ

घाटकोपर स्टेशनबाहेर ४० रुपयांची लखलखीत सुरी मी घासाघीस करून ३० रुपयांना आणली. तिसऱ्याच दिवशी पाते मुठीतून निसटले आणि सौभाग्यवतीचा अंगठा कापला. धार लावणारा ती पाहून हसला. "मास्तर, झळाळी काय बघता? पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलंय का, रिबिटा पक्क्या आहेत का, ते बघा!" मग त्याने आईची काळवंडलेली विळी चाकावर धरली. साधे पोलाद, क्रोमियम नाही, म्हणून ओले ठेवले की गंजते, पण धार चटकन घेते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण मी वर्गात इतकी वर्षे शिकवतो. बाजारात मात्र विसरलो. अंगठ्याची चिंधी पाहून सौभाग्यवती काहीच बोलली नाही. तेच अधिक लागले.