लॅपटॉपच्या कडेवरून उतरलेलं

हिंजवडीच्या इन्फोटेक पार्कात लॅपटॉप वर्षागणिक पातळ होत गेला आणि त्याच्या कडेवरचं एकेक सॉकेट उतरत गेलं. उतरलेलं बरंचसं आता हबमध्ये नाहीतर डॉकमध्ये राहायला गेलं आहे. हब घ्यायला निघालेल्याने आधी काय गेलं ते आठवावं, म्हणून ही नोंद.

व्हीजीए. पंधरा पिना, पाचाच्या तीन ओळी, निळा रंग, दोन्ही बाजूंना बोटांनी पिळायचे स्क्रू. आयबीएमने 1987 मध्ये पीएस/2 संगणकांबरोबर आणलं. मीटिंग रूमच्या टेबलातून ही जाड केबल वर यायची आणि सादरीकरण करणारा आधी ती शोधायचा. पिन वाकली की पडदाच सांगायचा कुठली ते. निळा रंग गेला की पांढरं पिवळं दिसायचं, हिरवा गेला की जांभळट. मग कोणीतरी टाचणीने पिन सरळ करायचं. इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या लॅपटॉप कंपन्यांनी 2015 पर्यंत व्हीजीए सोडायचं, असं डिसेंबर 2010 मध्येच जाहीर केलं होतं. लॅपटॉपने ते सोडलं, प्रोजेक्टरने नाही. शाळांमध्ये, ग्रामपंचायतींच्या सभागृहांत, कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये जुने प्रोजेक्टर अजून चालतात. ज्याला शनिवारी गावच्या शाळेत मुलांना काही दाखवायला जायचं असतं, त्याने व्हीजीए असलेला हबच घ्यावा.

खालून बसणारा डॉक. लॅपटॉप उचलायचा, डॉकवर ठेवायचा, दाबायचा. खट्. स्क्रीन, कीबोर्ड, लॅन, चार्जर, सगळं एका दाबात जोडलं जायचं. संध्याकाळी बाजूचा खटका दाबला की लॅपटॉप सुटा. लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक, प्रत्येक घराण्याचा डॉक वेगळा, एकाचा दुसऱ्याला बसायचा नाही. कंपनीने लॅपटॉपचा ब्रँड बदलला की चालू स्थितीतले डॉक ढिगाने भंगारात जायचे. टाईप-सीचा डॉक आज कोणाच्याही लॅपटॉपला लागतो, हा निखळ फायदा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. तरी त्या डॉकबरोबर आणखी काही गेलं. तो टेबलाला असायचा, आणि टेबल माणसाचं असायचं. आता हॉट डेस्क. सकाळी जागा बुक करायची, मिळेल त्या डॉकची केबल ओढायची.

लॅनचं सॉकेट. आरजे-45 ची उंची पातळ लॅपटॉपच्या कडेपेक्षा जास्त, म्हणून काही वर्षं त्याला खाली उघडणारा जबडा दिला गेला. मग तोही गेला. क्लिक होणारी ती प्लास्टिकची जीभ तुटली की केबल सैल व्हायची आणि कॉल मध्येच कापला जायचा. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे लॅपटॉप, मॉनिटर, अगदी डेस्कटॉपसुद्धा चादरीत गुंडाळून हिंजवडीतून घरी गेले. तेव्हा एकाच घरात दोघांच्या मीटिंग आणि मुलांची शाळा एका वायफायवर आली आणि लॅनची आठवण पुन्हा झाली. हबवर लॅन असेल तर ते गिगाबिट आहे का ते विचारावं. स्वस्त हबमध्ये अजून 100 मेगाबिटचं घालतात, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

मेमरी कार्डाची खाच. गेली, आणि 2021 च्या मॅकबुक प्रोमध्ये एचडीएमआयबरोबर परत आली. उतरलेलं परत चढल्याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही.

पॅरलल पोर्ट आणि 'लॉक'. पंचवीस छिद्रांचं लांबट सॉकेट. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्यावर चालायचा, आणि मराठी छपाईसुद्धा त्याच्यावर अवलंबून होती. अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरबरोबर हार्डवेअर लॉक यायचं. ते मागे लावलं नाही तर मराठी उमटायचीच नाही. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी डीटीपीवाल्यांकडे घरोघर होतं. पुढे लॉक यूएसबीवर आलं. जुनं श्रीलिपी वापरणारे प्रकाशक आणि मुद्रक अजून आहेत, कारण त्यांच्या पुस्तकांच्या मूळ फाईली युनिकोडच्या आधीच्या आहेत. अशा माणसासाठी नवा लॅपटॉप घेताना पहिला प्रश्न वेगाचा नसतो. लॉक कुठे लावणार, हा असतो.

आकारावरून कळणं. या यादीतलं सगळ्यात मोठं नुकसान हे, आणि ते कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. निळं सॉकेट म्हणजे पडदा. गोल जांभळं म्हणजे कीबोर्ड, हिरवं म्हणजे माऊस. रुंद चौकोन म्हणजे लॅन. इंग्रजी वाचता न येणारा ऑफिसबॉयसुद्धा सगळं बरोबर जोडायचा, कारण चुकीचं सहसा बसायचंच नाही, आणि जिथे बसायचं तिथे रंग सांगायचा.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट आणि इंटेलमधले त्यांचे सहकारी यांनी 1996 मध्ये यूएसबी आणलं, ते सॉकेटांच्या याच गर्दीवर उपाय म्हणून. हेतू चांगला होता. ऑगस्ट 2014 मध्ये टाईप-सी आलं, आणि एकाच तोंडातून वीज, डेटा, पडदा सगळं जाऊ लागलं. जाऊ लागलं म्हणजे जाऊ शकतं. प्रत्यक्षात काय जाईल हे त्या तोंडाकडे बघून सांगता येत नाही. एका लॅपटॉपचं टाईप-सी सेकंदाला 480 मेगाबिटच नेतं, दुसऱ्याचं थंडरबोल्ट असतं आणि 40 गिगाबिट नेतं. एकातून पडद्याला चित्र जातं, शेजारच्याच दुसऱ्यातून जात नाही. शेजारी विजेचा बाण किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असली तर नशीब, बहुतेकदा काहीच नसतं.

फसगत इथेच होते. हबच्या खोक्यावर 'फोर-के' लिहिलेलं असतं, घरी लावल्यावर माऊसचा बाण पडद्यावर अडखळत चालतो, कारण हब फोर-के देतो ते सेकंदाला 30 चित्रांनी. टाईप-सीत वेगवान तारांच्या चार वाटा असतात. वेगवान यूएसबीसाठी हब त्यातल्या दोन घेतो, पडद्याला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्टची जुनी 1.2 आवृत्ती असेल तर त्या दोन वाटांवर फोर-के 30 वरच अडतं, 1.4 असेल तर 60 पर्यंत जातं. दिवसभर कोड वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक कळतो. म्हणून दुकानात 'फोर-के आहे का' विचारू नये, 'फोर-के साठला आहे का' विचारावं, आणि लॅपटॉप कुठला तेही सांगावं.

दोन एचडीएमआय असलेला हब विंडोजच्या लॅपटॉपवर दोन वेगळे पडदे देतो, मॅकवर मात्र दोन्हींवर तेच चित्र येतं. एका तारेतून दोन पडद्यांचं चित्र पाठवायची जी सोय असे हब वापरतात, ती मॅकओएस घेत नाही. एम-वन चिपच्या मॅकबुक एअरला तर मुळात एकच बाहेरचा पडदा चालतो. डिस्प्लेलिंकच्या डॉकने ही अडचण सुटते, पण त्याला सॉफ्टवेअर टाकावं लागतं, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर ॲडमिनचा हक्क आपल्याकडे नसतो. हिंजवडीत डॉक घेणाऱ्याने कार्ड स्वाईप करण्याआधी आयटी सपोर्टला तिकीट टाकून हे विचारून घ्यावं. डॉक चांगला असतो, लॅपटॉप चांगला असतो, आणि मध्ये कंपनीची पॉलिसी असते. पेन ड्राईव्ह तर कित्येक कंपन्यांत केव्हाच बंद झाला. सॉकेट शाबूत, त्यातून फाईल जात नाही.

टाईप-ए. जुनं चपटं यूएसबी. अजून आहे, पण जायला निघालं आहे. बायोमेट्रिक यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, हेडसेट, माऊसचा रिसीव्हर, सगळं याच्यावर. एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते: वेगवान यूएसबी 3 चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतं, आणि बिनतारी माऊस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलनेच 2012 मध्ये हे लिहून ठेवलं आहे. हबला हार्ड डिस्क लावली आणि माऊस अडखळायला लागला, तर माऊस फेकू नये. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला, नाहीतर छोट्या एक्स्टेन्शन वायरवर लावावा.

नऊ पिनांचं सिरियल. आरएस-232. हे मानक 1960 चं, म्हणजे या यादीतलं सगळ्यात म्हातारं. लॅपटॉपवरून ते केव्हाच गेलं, कामावरून मात्र हललेलं नाही. भोसरीच्या आणि चाकणच्या शेडमध्ये जुन्या सीएनसी यंत्रांना प्रोग्रॅम याच केबलने भरतात, जुन्या पीएलसीशी याच केबलने बोलतात. हिंजवडीत गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारे खूप, आणि गाड्यांचे भाग घडवणारी यंत्रं वीस-पंचवीस किलोमीटरवर. तिथे जाणाऱ्या इंजिनिअरच्या बॅगेत कन्व्हर्टर असतोच. तो दिसण्यावर घेऊ नये, आतली चिप कुठली ते विचारून घ्यावा. बनावट चिपचे कन्व्हर्टर बाजारात भरपूर आहेत, आणि ड्रायव्हरने ते नाकारले की यंत्र उभं राहतं. यंत्र उभं म्हणजे शिफ्ट उभी. कुठलाही डॉक हे सॉकेट देत नाही, निदान दुकानात सहज मिळणारा तरी. ते स्वतंत्रच बाळगावं लागतं, आणि मला वाटतं, ज्याच्या पोटापाण्याला ते लागतं त्याने एकाऐवजी दोन बाळगावेत.

'चार्जर आहे का?' हा प्रश्न पूर्वी अर्धाच असायचा. पुढे विचारावं लागायचं: जाड पिन की पातळ? एचपीची निळी की लेनोव्होची चपटी? डेलच्या पिनेच्या मधोमध एक बारीक सुई असायची, तिच्यातून लॅपटॉप चार्जरची ओळख तपासायचा. ती सुई तुटली की लॅपटॉप चालायचा, बॅटरी मात्र भरायची नाही, आणि माणूस बॅटरी बदलून बसायचा. आता बहुतेक पिना टाईप-सी झाल्या. युरोपीय संघाने तर 28 एप्रिल 2026 पासून नव्या लॅपटॉपना हेच तोंड सक्तीचं केलं. भारतीय मानक ब्युरोनेही टाईप-सीचं मानक काढलं आहे.

तोंड एक झालं, वॅट एक झाले नाहीत. हबमधून चार्ज करताना हब स्वतःसाठी काही वॅट ठेवून घेतो. 65 वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉपला 50 च्या आसपास मिळतात, आणि व्हिडिओ कॉल, दोन पडदे, कंपाईल असं सगळं एकदम चाललं की बॅटरी लावलेल्या चार्जरवरही उतरत जाते. लॅपटॉपला 65 लागत असतील तर 100 चा चार्जर आणि 100 चीच केबल घ्यावी. साधी टाईप-सी केबल 60 वॅटच्या पुढे जात नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेल्या डॉकचं आणखी एक: हिंजवडीशेजारच्या माणमध्ये, मारुंजीत भाड्याच्या घरात वीज गेली की डॉक जातो, म्हणजे पडदा आणि लॅन दोन्ही जातात. लॅपटॉपच्या बॅटरीवर चालणारा छोटा हब तेव्हा चालू राहतो. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर लॅनही राहतं आणि कॉल पुरा होतो. घरी डॉक असला तरी बॅगेतला हब विकू नये.