काटा का उतरतो?

शारजात जून लागला की रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या वाढायला लागतात. सकाळी दुबईच्या दिशेने सगळी वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकत असते, बाहेर आधीच उकाडा, आत एसी पूर्ण जोरात. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो, त्यामुळे रेडिएटरपर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते. गाडी थांबली की समोरचा वाराही जातो आणि सगळा भार एकट्या पंख्यावर पडतो. थंडीच्या दिवसांत खपून गेलेली बारीक गळती नेमकी अशा वेळी उघडी पडते.

इथली आपली बरीच मंडळी पाणी कमी झालं की बाटलीभर ओततात आणि पुढे निघतात. मला याची खरोखर काळजी वाटते. इंजिनातलं कूलंट प्रेशर कुकरसारखं दाबाखाली ठेवलेलं असतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्या भांड्यात १०७ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरच्या टोपणाने सुमारे १ बारचा दाब धरून ठेवला की तेच १३० च्या जवळ जातं. गळती झाली की नुसतं पाणी कमी होत नाही, दाब जातो, आणि दाब गेला की उकळण्याची मर्यादा खाली येते. मग सिलिंडर हेडजवळ वाफेचे कप्पे तयार होतात, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅसकेट उडतं. पातळी फारच खाली गेली तर तापमानाचा सेन्सर कूलंटऐवजी वाफेत उघडा पडतो आणि डॅशबोर्डवरचा काटा चुकीचं सांगू लागतो. इंजिन भाजत असतं आणि काटा मात्र निवांत असतो.

माझ्या गाडीचं दुखणं चोरटं होतं. कूलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू ‘मिन’च्या रेघेखाली जायची, पण पार्किंगच्या फरशीवर थेंब नाही. एसीचं पाणी तेवढं खाली पडायचं, ते स्वच्छ आणि पातळ असतं. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं आणि त्याला रंग असतो. घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडी न तपासताच हेड गॅसकेटचं निदान केलं आणि इंजिन खोलण्याचा आकडा सांगून टाकला. मी गाडी तिथून काढली आणि इंडस्ट्रियल एरियात नेली.

शारजाचा हा भाग म्हणजे गॅरेजं, जुन्या सुट्या भागांची दुकानं आणि पत्र्याच्या शेड. १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला या देशात कायद्याने बंदी आहे. शेडमधलं काम मात्र चालू राहतं, आणि त्या पत्र्याखाली उभं राहणं काय असतं ते तिथे गेल्यावरच समजतं. माणसं केरळची, पेशावरकडची, बांगलादेशची. आमचे उस्ताद, म्हणजे मेकॅनिक, पेशावरकडचे. त्यांनी रात्रभर गाडी ठेवून घेतली आणि सकाळी थंड इंजिनावरच काम सुरू केलं. “हेड नहीं खोलेंगे. पहले पानी का रास्ता ढूँढेंगे,” एवढंच म्हणाले.

टोपण काढून त्यांनी त्या जागी प्रेशर टेस्टर बसवला. हा साधा हातपंप असतो, त्यावर घड्याळ. टोपणावर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरली आणि हात काढून घेतला. काटा स्थिर राहायला हवा होता, पण तो अगदी सावकाश उतरत गेला. खाली काहीच टपकत नव्हतं. मी असतो तर लगेच एखादा होज पाईप पिळून पाहिला असता. उस्तादांनी चहा मागवला, पुन्हा दाब भरला आणि वाट पाहिली. मग बॅटरी आणि लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन ते वाकले. वॉटर पंपाच्या पोटाशी गुलाबी खपली धरलेली होती, आणि तिच्या कडेला आता एक ओला थेंब फुगत होता. पंपाच्या अंगावर मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. इंजिन गरम असताना तो थेंब जागच्या जागी वाळायचा, म्हणून फरशी कोरडी.

तरीही गॅसकेटचा संशय त्यांनी तसाच सोडला नाही. इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरली. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर हे द्रावण पिवळं पडतं. ते निळंच राहिलं. कुणाच्या आजारपणाचा रिपोर्ट चांगला यावा तसा मोठा सुस्कारा मी तिथे सोडला.

पंप बदलला, टोपणही बदललं, कारण त्याची स्प्रिंग सैल झाली होती. गळती बुजवणारी बाटली ओतायला त्यांनी साफ नकार दिला. त्यातलं रसायन हीटरच्या बारीक नळ्या आधी बुजवतं. नवं कूलंट भरताना हवा काढणं हे वेगळंच काम आहे. तोंडावर उभं नरसाळं, हीटर पूर्ण गरम. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत हलायचं नाही. आखातात वर्षानुवर्षं कुणी हीटर लावत नाही, त्यामुळे हवा हीटरच्या नळ्यांतच अडकून बसू शकते. जुनं कूलंट त्यांनी कॅनमध्ये भरून झाकण लावलं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, आणि त्या गल्लीत मांजरं फार आहेत.

पुण्या-नाशिकहून नव्याने आलेली मुलं गाडी घेताना माझा सल्ला विचारतात. मी सांगतो, मे महिन्यातच थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट करून घ्या, टोपणही त्याच यंत्रावर तपासायला लावा, आणि काटा उतरला तर तो कुठून उतरतोय ते दाखवल्याशिवाय कुणालाही इंजिन खोलू देऊ नका. रस्त्यात गाडी तापलीच तर एसी बंद, हीटर चालू, गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. टोपणाला हात लावायचा नाही, अर्धा तास गेला तरी नाही. इंजिन पूर्ण निवल्यावरच.