जुनी दुर्बीण घेताना

विद्यार्थी मित्रांनो, 'दुर्बीण' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तो फारसीतून मराठीत आला. 'दूर' म्हणजे लांब आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. तुम्ही 'दूरबीन' म्हणता, मराठी माणूस 'दुर्बीण' म्हणतो, एवढाच फरक!

मला पक्षी पाहण्याचा छंद आहे. त्यामुळे मुले मला नेहमी विचारतात, "सर, नवी दुर्बीण परवडत नाही. जुनी घेतली तर चालेल का?" मी सांगतो, जरूर चालेल, पण आधी ती पारखून घ्या. चांगली दुर्बीण चाळीस-पन्नास वर्षेही काम देते. साध्या दुर्बिणीत ना बॅटरी असते, ना मोटर. काच, धातू आणि थोडेसे ग्रीस, एवढाच तिचा संसार. म्हणून बिघडण्याच्या जागाही मोजक्याच असतात.

एकदा एक विद्यार्थी दोन वर्षांची ईदी साठवून माझ्याकडे आला. आम्ही दोघे मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर गेलो. दुकानदाराने दोन दुर्बिणी पुढे ठेवल्या. एक काळी, चकचकीत; तिच्यावर '२०×५०' असे लिहिलेले होते. दुसरीचा रंग उडालेला होता. तिच्यावर '८×३०' असे होते. मुलाचा हात साहजिकच पहिलीकडे गेला.

मी त्याला आकड्यांचा अर्थ सांगितला. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते. आठ पटींच्या दुर्बिणीतून ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. वीस पट म्हणजे जास्त चांगले, असे वाटते ना? पण मग हाताचे कापणेही वीस पट होते! चित्र स्थिर राहतच नाही.

मग आम्ही एकेक दुर्बीण उलटी धरली आणि मोठ्या भिंगातून उजेडाकडे पाहिले. थोडी धूळ दिसली तर घाबरू नका. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी समजा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती काचेवर वाढते. फार दिवस राहिली तर काचेवर कायमचे डाग पाडते. नंतर दुर्बीण कानाजवळ नेऊन हळूच हलवा. आत काही खडखडले, तर काचेचे लोलक सैल झालेले असू शकतात.

आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा. दुर्बिणीला दोन नळ्या असतात. त्या दोन्हींचे तोंड अगदी एकाच दिशेला हवे. दुर्बीण पडली, की आतले लोलक सरकतात आणि एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू लागतात. दोष थोडा असेल, तर आपले डोळे ताण घेऊन त्या जुळवून घेतात. म्हणून दुकानात काही कळत नाही. घरी मात्र पाच मिनिटांत डोके दुखू लागते. यावर उपाय सोपा आहे. लांबच्या पाण्याच्या टाकीकडे किंवा मिनाराकडे पाहा. क्षणभर डोळे मिटा आणि उघडा. उघडताच दोन चित्रे दिसून मग एक झाली, तर ती दुर्बीण घेऊ नका. तिची दुरुस्ती कुशल कारागिरालाच जमते आणि खर्च कधी कधी किमतीपेक्षा जास्त होतो. मात्र चुकूनही सूर्याकडे पाहू नका. डोळे कायमचे जाऊ शकतात.

चकचकीत दुर्बिणीत बुरशीही होती आणि चित्रेही दोन दिसत होती. रंग उडालेलीची काच मात्र स्वच्छ होती. फक्त तिचे मधले चाक, जुने ग्रीस घट्ट झाल्यामुळे, जड फिरत होते. ते दुरुस्त होण्यासारखे होते. मुलाने ती निम्म्या किमतीत घेतली. दोन वर्षांची ईदी वाया जाण्यापासून वाचली आणि शिल्लक पैशांत पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्याची सहलही झाली.

मित्रांनो, दुर्बीण दूरचे दाखवते. पण विकत घेताना तिला जवळून पाहावे लागते. दुकानदाराला न संकोचता सांगा, "चाचा, जरा बाहेर उजेडात पाहू द्या." तो नाही म्हणाला, तर सरळ पुढच्या दुकानात जा.