शिवनाथेपलीकडची वही

राजनांदगाव मागे टाकून गाडी शिवनाथेच्या पुलावर आली, तेव्हा ज्या मुलखात नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी १७५८ पासून रतनपुरास राहून कारभार पाहत होते, त्याच मुलखात आपण मामांच्या मृत्यूची केवळ एक तिथी शोधावयास निघालो आहोत, या जाणिवेने माझे मन गंभीर झाले. आजोळच्या कुलवृत्तांताचे काम मी हाती घेतले होते आणि त्यात थोरल्या मामांच्या नावापुढील निधनाची जागा कोरी होती. त्यांच्या निधनाचे कार्ड आमच्याकडे आले होते खरे. परंतु असले पत्र घरात ठेवू नये या रूढीस अनुसरून आजीने ते वाचून होताच उंबऱ्याबाहेर फाडून टाकले होते.

मामांची नोकरी झाली त्या भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत सरकारशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, दल्ली-राजहऱ्याच्या खनिजावर वर्षाला दहा लाख टन पोलाद काढण्याची पहिली योजना आखली गेली. हा सारा वृत्तांत सरकारी दप्तरात अक्षय आहे. ज्या गावांच्या जमिनींवर हे सारे उभे राहिले, त्या गावांतील मर्तिकेसुद्धा जुन्या मध्यप्रांताच्या शिरस्त्याप्रमाणे कोतवाराच्या वहीत चढत असत. मात्र बाहेरून नोकरीस येऊन येथे संसार मांडणाऱ्या माणसांचा माग लागणे कठीण. क्वार्टर कारखान्याचे; नोकरी संपली की किल्ली जमा करावयाची आणि नागपूर, अमरावती, पुणे गाठावयाचे. त्यामुळे ज्यांचे उभे आयुष्य भिलाईत गेले, त्यांची निधनवार्ता बहुधा नागपूरच्या वर्तमानपत्रात छापून येते, आणि तीत भिलाईचा उल्लेख असलाच तर ‘भिलाई पोलाद कारखान्यातील निवृत्त कर्मचारी’ एवढ्या पाच शब्दांत आटोपतो. माझ्या मते या शहराचा खरा इतिहास या पाच शब्दांच्या आड दडलेला आहे.

मामींच्या शेजारणीचा पत्ता मोठ्या खटपटीने मिळाला होता. नव्वदीकडे झुकलेल्या काकू लीजवर घेतलेल्या जुन्याच क्वार्टरात, अंगणातील आंब्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी नाव सांगताच त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळले.

“अरे, तू तर मामांच्याच तोंडवळ्याचा आहेस! तारीख पाहिजे ना? माझ्या डोक्यात नाही रे राहिली, पण वहीत असेल बघ.”

वही म्हणजे गणेशोत्सवाच्या वर्गणीची वही. काकूंचे यजमान अनेक वर्षे खजिनदार होते. लाल कापडी पाठीची, कडा झिजलेली, कापराचा मंद वास येणारी ती वही मी मांडीवर उघडली. प्रत्येक वर्षाची स्वतंत्र फेरिस्त. नाव, सेक्टर, रक्कम. आणि समासात बारीक, टोकदार अक्षरात शेरे: ‘बदली, बोकारो’, ‘निवृत्त, नागपूर’, ‘मुलीचे लग्न, अकोला’, आणि अधूनमधून ‘कै.’ व त्यापुढे तारीख. कोणाच्या आज्ञेवाचून, केवळ पुढील वर्षी चुकून त्या दारी वर्गणी मागावयास कोणी जाऊ नये एवढ्यासाठी, त्या गृहस्थांनी ही नोंद ठेवली होती. कोणत्याही गॅझेटिअरपेक्षा ती मला मोलाची वाटली.

“हे लिहिताना ते दिवा मोठा करायचे,” काकू म्हणाल्या. “नुसतं नाव खोडणं त्यांना बरं वाटत नसे.”

१९७१ च्या पानावर मामा सापडले. रक्कम पाच रुपये. समासात ‘कै.’ आणि २२ सप्टेंबर ही तारीख. मी ती पेन्सिलीने माझ्या टिपणात उतरवून घेतली आणि पान उलटले. १९७२ च्या फेरिस्तीत, त्याच क्रमांकावर, त्याच सेक्टरापुढे मामींचे नाव होते. रक्कम दोन रुपये. आणि समासात, ‘क्वार्टर सोडण्यापूर्वी स्वतः आणून दिले.’